कोरी बटणं

नव्या गाडीच्या मागे डॉक्टर एका पायावर उभे होते. दुसरा पाय त्यांनी बंपरखाली घातला होता आणि तो ते इतक्या हळुवारपणे हलवत होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडीला गुदगुल्या करतोय.

"बाळ, काय रे झालं? पायाला मुंग्या आल्या का?" ताईने विचारलं.

पन्नाशी उलटलेल्या, दातांचा स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या माणसाला 'बाळ' म्हणणारं एवढं एकच तोंड आता जगात उरलं होतं.

"मुंग्या नाहीत गं. तू गंमत बघ. हात न लावता डिकी उघडते."

ताई बघत राहिली. तिचे यजमान, म्हणजे भावजी, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बघत राहिले. डॉक्टरांनी पाय जरा जोरात हलवला. मग आणखी जोरात. पुढच्या खेपेला पायातला बूट सुटला आणि सरपटत गाडीखाली गेला. डिकी मात्र ढिम्म हलली नाही.

"उघडली का?" भावजींनी आदराने विचारलं.

"बूट काढायला काठी आणतो," असं पुटपुटत डॉक्टर एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत घरात गेले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी शोरूमच्या विक्रेत्याला फोन लावला. गाडी कालच संध्याकाळी आली होती. आल्यापासून ते तिच्याभोवती नुसते फिरत होते, फडक्याने पुसत होते. काय चालतं नि काय नाही हे बघायला सवड कुणाला होती?

"सर, पायाने उघडणारी डिकी ऑप्शनल होती," विक्रेता म्हणाला.

"बरं. आणि ती पाठ चेपणारी सीट?"

"तीसुद्धा ऑप्शनल, सर."

"काचेचं छत? ते, बटण दाबल्यावर सरकणारं?"

"नाही सर, ते वरच्या पॅकेजमध्ये येतं."

"अहो, मी बसलो होतो त्या गाडीत सगळं होतं!"

"ती दाखवायची गाडी, सर."

"मग मी विकत काय घेतलंय?"

विक्रेत्याने क्षणभर विचार केला. "गाडी, सर."

डॉक्टरांचा आवाज चढला, पण विक्रेता गरीब गाईसारखा शांत होता. "मी तुम्हाला एकेक गोष्ट दाखवून विचारत होतो, सर, ही घालायची का, ही घालायची का. तुम्ही म्हणत होतात, छान, छान, पुढचं दाखवा."

हे खरंच होतं. डॉक्टरांची सगळी हयात लोकांच्या तोंडात हात घालून बोलण्यात गेली होती. 'काय म्हणतात मुलं?' असं विचारायचं आणि समोरचा 'आँ आँ' करेपर्यंत पुढच्या विषयावर जायचं, हा त्यांचा रोजचा परिपाठ. उत्तर ऐकायचं असतं ही गोष्ट ते कधीच विसरून गेले होते.

मागे बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मग सांगून टाका ना सरळ. घरचीच तर माणसं आहेत."

"ताईला सांगू? महिनाभर फोनवर मी तिला काय काय ऐकवलंय, तुला माहीत नाही. आणि भावजींची पाठ धरलीय. एवढा प्रवास करून ते त्या सीटसाठी आलेत गं!"

"मग आता काय करणार?"

डॉक्टरांनी बायकोच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"अहो, काहीतरीच काय!" ती म्हणाली. पण संसारातली असली कामं शेवटी तिच्याच पदरात पडत आली होती. तिने मुकाट्याने आपली सगळ्यात मोठी पर्स शोधून काढली. मांडीवर ठेवली की गुडघे झाकले जातील एवढी मोठी.

गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं. भावजी मानाने पुढे बसले. त्यांच्या मागे डॉक्टरांची बायको, डॉक्टरांच्या मागे ताई. मोठ्या रस्त्याला लागल्यावर डॉक्टरांनी घसा खाकरला.

"भावजी, तयार? मसाज सुरू करतो." आणि त्यांनी गिअरशेजारचं एक बटण दाबलं.

सीट जाडजूड होती. तिच्या आरपार काही पोचवायचं म्हणजे साधं काम नव्हतं. बायकोने दोन्ही गुडघे टेकवून पहिला रेटा दिला तेव्हा भावजी दचकले. दुसऱ्या रेट्याला त्यांनी डोळे मिटले.

"वा!" ते म्हणाले. "डॉक्टर, हे भारीच आहे हो. माणसाने चेपल्यासारखं वाटतं."

"आता तंत्रज्ञान फार पुढे गेलंय," डॉक्टर म्हणाले.

"जरा उजवीकडे घेता येईल का?"

"का नाही? ही बोलण्यावर चालते." डॉक्टरांनी आवाज चढवला. "उजवीकडे!"

मागे थोडी सळसळ झाली आणि भावजींच्या उजव्या खांद्याखाली असा काही जोर आला, की ते सुखाने कण्हले. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. बायकोचे गुडघे इतक्या लांब कसे पोचले, हे त्यांना कळेना. पण चालत्या गाडीत मागे वळून बघायची सोय नव्हती.

तेवढ्यात ताई पुढे वाकली. "बाळ, ही बटणं कोरी का रे? यांच्यावर काहीच चित्र नाही."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिकडे नीट बघितलं. गिअरशेजारी ओळीने बसवलेली ती चकचकीत बटणं बटणं नव्हतीच. जे घेतलं नाही त्याच्या जागी भोकं दिसू नयेत म्हणून लावलेली झाकणं होती. मघाशी मसाजसाठी त्यांनी दाबलं ते त्यांतलंच एक.

"ती... पुढे लागतील तशी," ते म्हणाले.

"बाबांच्या गाडीत रेडिओच्या जागी असंच झाकण होतं. आठवतं का तुला?"

आठवत होतं. बाबांनी कुणाची तरी वापरलेली गाडी घेतली होती, फिक्या चहाच्या रंगाची. चार दारांत मिळून काच खाली करायचं हँडल एकच, ते हातोहात फिरायचं; आणि ज्याला वारा हवा असेल त्याला आधी भांडावं लागायचं. रेडिओ वेगळा घ्यावा लागतो असं बाबा म्हणाले होते आणि तो त्यांनी कधी घेतला नाही. म्हणून रेडिओ ताई व्हायची. बाळने तिचा कान पिळला की स्टेशन बदलायचं. बाबांनी 'बातम्या लावा' म्हटलं की ताई भारदस्त आवाज काढून सांगायची, "नमस्कार. आमच्या बातमीदाराने कळवल्यानुसार, धाकट्या चिरंजिवांची गणिताची उत्तरपत्रिका गादीखाली सापडली आहे." आई हसून हसून पदराने डोळे पुसायची. आणि बाबा गाडी चालवता चालवता, मागे न बघता, गंभीरपणे विचारायचे, "मार्कांचा तपशील हाती आला आहे का?"

डॉक्टरांना हसू आलं. हसण्याच्या भरात समोरचा गतिरोधक दिसायला उशीर झाला आणि गाडी त्यावरून दाणकन उडाली.

"अगं बाई!" भावजींची सीट ओरडली.

डॉक्टरांनी गाडीचा वेग कमी केला.

"तो... आवाज येतो कधी कधी," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "नवीन आहे ना अजून."

भावजींनी डोळे उघडले नाहीत. "मराठी बोलते. वा. मघाशी चेपताना तिला उचकी लागली होती, तेव्हा मला वाटलं पाणी द्यावं." मग ते मान जराशी वळवून म्हणाले, "वहिनी, दमलात का? आता बस करा. पाठ मोकळी झाली."

मागे बायकोच्या तोंडातून हसू फुटलं ते तिला आवरेना. डॉक्टरांचे कान तापून लाल झाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या रेट्यालाच. पण इतक्या प्रेमाने कुणी चेपतंय म्हटल्यावर मध्ये बोलायचं कशाला?"

"आणि उजवीकडची बाजू माझी होती हं," ताई आपली मूठ चोळत म्हणाली. "ती एकटी बिचारी कुठे कुठे पुरणार? आता सांग बघू, काय काय नाहीये गाडीत?"

डॉक्टरांनी सांगितलं. डिकी, सीट, छत, सगळं. सांगताना त्यांना वाटलं होतं जीभ जड होईल. पण 'गाडी, सर' पर्यंत येता येता तेच इतके हसायला लागले, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तळ्याकाठी ते बराच वेळ बसले. उन्हं कलली. पाण्यावरून गार वारा यायला लागला तशी उठायची वेळ झाली. तेव्हा ताईने हात पुढे केला.

"किल्ली दे. जाताना मी चालवते."

"तू?"

"का? बाबांनी तुला शिकवलं, मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पण नंतर मी शिकले ना."

"द्या हो," भावजी म्हणाले. "आमच्या घरी तीच चालवते. गाडीही आणि मलाही."

स्वतःच्या गाडीत डॉक्टर पहिल्यांदाच मागे बसले. ताईची मान पुढे ताठ होती, आणि ती चालवत होती झकास. वळणावर पोटातलं पाणी हलत नव्हतं. शेजारी भावजी तिला उगाचच रस्ता सांगत होते आणि ती उगाचच चिडत होती. डॉक्टरांनी बूट काढले, पाय वर घेतले, डोकं काचेला टेकवलं. पुढच्या सीटवरून मोठ्या माणसांचं बोलणं येत होतं, न कळणारं, न संपणारं. आपल्याला काही बघायचं नाही, कुठे वळायचं हे ठरवायचं नाही. किती वर्षांनी! वडील गेल्यापासून असं कुणी त्यांना घरी नेलं नव्हतं.

फाटकाशी गाडी थांबली तेव्हा त्यांना जाग आली होती. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. लहानपणी ते असंच करायचे. झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे, मग दार उघडायचं, बाबांच्या खरखरीत शर्टाचा वास यायचा आणि दोन हात त्यांना उचलून थेट अंथरुणापर्यंत न्यायचे.

दार उघडलं. कुणीतरी वाकून बघितलं.

"जागा आहे हा," ताई हळूच म्हणाली. "लहानपणापासून असाच फसवतो, कुणी उचलून न्यावं म्हणून. पापण्या बघ कशा थरथरतायत."

"अहो, उठा," बायको म्हणाली. "ते घेतलं नाहीये आपण."

डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि आशेने आणखी थोडा वेळ वाट बघितली.