काचा नसलेल्या गाड्या

भालेराव मॅडमकडे एकसष्ट मोटारगाड्या आहेत, आणि त्यांना गाडी लागते.

लागते म्हणजे थोडं मळमळतं, असं नव्हे. लिंबू हुंगायला द्या, गोळी द्या, पुढच्या सीटवर बसवा, दुसऱ्या वळणाच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर. बदलापूरच्या बेलवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी गाडी घेतली की पेढे सगळ्यांना मिळतात आणि चक्कर सगळ्यांना मिळते. मॅडमना फक्त पेढे.

त्यांच्या एकसष्ट गाड्या बोटभर ते वीतभर लांबीच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मोटारी रस्त्यावर धावत होत्या, त्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा. सगळं त्या मापात. मी यातलं इतकं सांगू शकतो, कारण गेली अकरा वर्षं मी ते ऐकतोय. मला गाड्यांची आवड नाही. मी मॅडमचा शेजारी आहे, एवढाच माझा गुन्हा.

त्याच्या कितीतरी आधीपासून मी त्यांच्याच कंपनीत होतो. अंबरनाथ एमआयडीसीत मी स्टोअरमध्ये आणि त्या टाइम ऑफिसात. स्टेशनवरून सगळे रिक्षाने यायचे, मॅडम मोरिवलीमार्गे चालत यायच्या, पाऊण तास. रिक्षाला तर काचा नसतात, वारा लागतो, असं मी एकदा म्हणालो. "मोरे, रिक्षा ही गाडी नाही. ती रवी आहे. तिच्यात माणसाचं ताक होतं," त्या म्हणाल्या. ट्रेन मात्र त्यांना चालते. तिला रूळ असतात, ती मनाला येईल तिकडे वळत नाही. आणि इतकं चालून आठच्या ठोक्याला हजेरीचं मस्टर उचलायच्या. आठ वाजून एका मिनिटाने आलेल्या माणसाला त्या काही बोलत नसत, फक्त घड्याळाकडे बघत. मी तीस वर्षं त्या बघण्याला घाबरलो.

एकदा परदेशाहून आलेल्या एका इंजिनियरने पेपरवेट म्हणून एक छोटी मोटार त्यांच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उचलली, सगळीकडून बघितली आणि विचारलं, हिच्या काचा कुठे गेल्या? त्याने सांगितलं की तेव्हाच्या गाड्यांना काचा नसायच्या, छप्परही नसायचं, माणसं उघड्यावर बसायची. त्या दिवशी मस्टर आठ वाजून दहा मिनिटांनी उचललं गेलं. कारखान्यात दिवसभर दुसरा विषय नव्हता.

तेव्हापासून मॅडमचा सिद्धांत तयार झाला. दोष त्यांच्या पोटाचा नव्हता, काचांचा होता. मोटार मुळात चांगली होती. मग कुणीतरी तिला दारं बसवली, छप्पर ठोकलं, काचा लावल्या आणि आत माणसं कोंडली. "काचा लागल्या आणि वाट लागली," हे वाक्य मी चहाबरोबर, बिस्किटाबरोबर आणि क्वचित नुसतंच गिळलेलं आहे. बंद गाडीची प्रतिकृती कितीही सुंदर असो, त्या हातात घेत नसत. उल्हासनगरच्या बाजारात खेळण्यांच्या होलसेल दुकानात आम्ही दुपारच्या दुपार घालवल्या आहेत. दुकानदार शंभर गाड्या काढून दाखवायचा आणि मॅडम प्रत्येकीच्या खिडकीत बोट घालून बघायच्या. बोट काचेला लागलं की गाडी बाजूला.

परदेशी नावं त्यांना आवडायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. लाल, नाजूक, पितळेने मढलेली ती 'नवरी'. उंच, काळी, ताठ ती 'हेडमास्तर'. पुढे लांब नाक असलेली ती 'मामेसासू'. आणि या सगळ्या बुद्धाच्या फोटोखाली उघड्या फळ्यांवर. काचेचं कपाट करा, धूळ बसणार नाही, असं आमच्या हिने एकदा सुचवलं. मॅडमनी तिच्याकडे आठ वाजून एक मिनिट झाल्यासारखं बघितलं.

बदलापुरात तर सगळीकडे बिल्डिंगा उठतायत, सिमेंटची धूळ घरात रोज येते. मॅडम रोज सकाळी दाढीच्या ब्रशने एकसष्ट गाड्या झटकतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस मी झटकल्या. दाढीचा ब्रश माझा होता. तो परत आला नाही.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही बिल्डरने मन मोठं न करता बांधलेली. गेल्या वर्षीपासून रोज संध्याकाळी सातला पलीकडून मॅडमचा आवाज यायला लागला. आज नवरीचं चाक निखळलं, फेविक्विकने लावलं. आज मामेसासूला पाल चाटून गेली. मधे थांबायच्या, पुन्हा बोलायच्या. समोरून उत्तर नाही. मी आणि ही एकमेकांकडे बघायचो. बाई एकट्या राहतात, आता गाड्यांशी बोलायला लागल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर दमायलाही झालं. आता हेही आपल्याकडेच येणार.

एका संध्याकाळी मी धीर करून बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कानाला फोन होता. त्यांनी मला बसायची खूण केली आणि फोनमध्ये म्हणाल्या, "अक्का, मोरे आलेत. ठेवते. उद्या हेडमास्तरचं सांगेन."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मुरबाडच्या अलीकडे एका गावात राहते. आधी वर्षातून दोनदा एसटीने यायची, तांदळाचं बोचकं घेऊन. मॅडम तिच्याकडे कधीच गेल्या नाहीत, कारण तिथे ट्रेन जात नाही. गेल्या वर्षी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता रोज सातला तिचा मुलगा सुरेश फोन तिच्या कानाला लावतो. मॅडम बोलतात, ती ऐकते.

"उत्तर कसं देतात?" मी विचारलं.

"श्वास ऐकू येतो," मॅडम म्हणाल्या. "गाड्यांचं सांगितलं की जरा जोरात येतो. दुसरं काय सांगू? माझ्याकडे दुसरं घडतं काय?"

आठ दिवसांनी त्या स्वतः आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी सुरेशला सांगितलं होतं, भेटायचं असेल त्याने भेटून घ्यावं. मॅडमना जायचं होतं. कंबरेमुळे मोटारसायकलवर बसायला मनाई, एसटीला काचा, कारला काचा, रिक्षाची रवी. चालत जायचं म्हणाल्या. पंचवीस-तीस किलोमीटर, वय सहासष्ट.

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला मोहनशेठकडे गेलो. हा माणूस लग्नाच्या वरातीला 'जुन्या काळातली' मोटार भाड्याने देतो. कधीकाळच्या जीपच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवलेली, वरून उघडी. लग्न कोणाचं आहे, असं त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं. तो बुकिंगची वही चाळून म्हणाला, मंगळवारी मुहूर्त नाही, मी स्वतः चालवीन.

मंगळवारी सकाळी गाडी बिल्डिंगखाली उभी राहिली. मॅडमनी चष्मा पुसला आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. दिवे टिचकी मारून पाहिले. चाकाच्या आऱ्यांना नख लावलं, तर लाकडाचा स्टिकर निघाला.

"ही एकोणीसशे दहाची नाही. ही दोन हजार दहाची आहे आणि खोटं बोलतेय," त्यांनी सांगितलं.

"मॅडम, शादी में चाक कौन देखता है?" मोहनशेठ म्हणाला.

मॅडमनी हात लांब करून खिडकीच्या जागी चाचपलं. बोट कशालाच लागलं नाही. "बसू," त्या म्हणाल्या.

एक गोष्ट राहिली होती. आदल्या दिवशीच्या वरातीची झेंडूची तोरणं गाडीवर तशीच होती. तारेने इतकी घट्ट बांधलेली की सुटेनात. तेव्हा मी आणि मॅडम मागच्या सीटवर शेजारी शेजारी, सर्व बाजूंनी झेंडू. माझं वय एकसष्ट. बेलवली नाक्यावर भाजीवाली उठून उभी राहिली. मी मान खाली घातली ती बारवी धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत वर केली नाही.

मॅडम मात्र ताठ बसल्या होत्या. वारा तोंडावर घेत होत्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. "बघा मोरे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. विसाव्या मिनिटाला त्यांनी मोहनशेठच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली.

त्या उतरून पुलाच्या कठड्याला धरून ओकल्या. मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभा राहिलो. तोंड धुऊन त्या कठड्यावर बसल्या आणि बराच वेळ त्या उघड्या गाडीकडे बघत राहिल्या.

"काचांचा दोष नव्हता तर," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नकली गाडी आहे, खऱ्या गाडीत झालं नसतं. मग मी परत जाऊ या म्हणालो. त्या उठल्या, पदर खोचला आणि पुन्हा सीटवर जाऊन बसल्या. पुढे त्या आणखी तीनदा उतरल्या. प्रत्येक वेळी चढताना मोहनशेठ हात द्यायचा.

अक्का पडवीत खाटेवर होती. मॅडम पायापाशी बसल्या. फोनवर रोज अर्धा तास बोलणारी बाई नुसते तिचे पाय चेपत राहिली. अक्काची नजर मॅडमवरून अंगणात गेली. उघडी, पितळी दिव्यांची, झेंडूंनी भरलेली गाडी तिथे उभी होती. अक्काचा श्वास जोरात यायला लागला. तो मलाही ऐकू आला.

"बसायचंय?" मॅडमनी विचारलं.

सुरेश आणि मोहनशेठने अक्काला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, उशा लावल्या. वर्षभरात ती अंगणाबाहेर गेली नव्हती. मॅडम बसल्या नाहीत. गाडी माणसाच्या चालीने निघाली आणि मॅडम एक हात दारावर ठेवून बाजूने चालू लागल्या. ही अशी नसते अक्का, खऱ्या गाडीचा भोंगा बाहेर असतो, त्या सांगत होत्या. मी मागून चालत होतो.

देवळापर्यंत गेल्यावर अक्काने डावा हात उचलला आणि शेजारची सीट थोपटली. तोंड वाकडं करून तिने खूप वेळ जुळवाजुळव केली.

"ब...स."

"नको गं, मला लागते."

अक्काने पुन्हा सीट थोपटली. मॅडम चढून बसल्या. गाडी तलावाच्या कडेने वळली, एकदा, दोनदा, आणि मॅडम दारावरून बाहेर वाकल्या. मोहनशेठने इंजिन बंद केलं. मी बाटली घेऊन पुढे धावलो आणि चार पावलांवर थांबलो.

अक्का पुढे झुकली होती. तिचा डावा हात धाकट्या बहिणीच्या पाठीवरून हळूहळू वर-खाली फिरत होता.