रोज नऊ पानं

इखार सरांनी मला कधी "कसं काय?" असं विचारल्याचं आठवत नाही. ते विचारायचे, "कितव्या पानावर?" माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात आले, शहाळं टेबलावर ठेवलं, सलाइन किती उरलं ते पाहिलं आणि म्हणाले, "राऊत, तुमचे एकावन्न ते एकोणसाठ बाकी आहेत. सोमवारपर्यंत सूट देतो. हात तं शाबूत आहे ना, पुस्तक धराले?"

बोरगाव मेघेला आमच्या घरांची भिंत एक. सर गणिताचे. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, आणि त्यातली निम्मी शाळेचं वेळापत्रक बनवण्यात घालवली. कोणत्या तासाला कोणता मास्तर वर्ग सोडून चहाच्या टपरीवर सापडेल हे त्यांना तोंडपाठ असे, त्यामुळे मास्तर मंडळींत ते किती लोकप्रिय होते हे वेगळं सांगायला नको. दोन हजार चारच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचं वेळापत्रक तयार केलं. काकू शहाण्या. त्यांनी वाद घातला नाही. त्या कागदावर भजी निथळायला ठेवली.

घरात डाळ शिजेना, तेव्हा सर इंटरनेटकडे वळले.

चौकात मंगेशचं सायबर कॅफे होतं. तिथं बसून त्यांनी ई-मेलवर वाचन मंडळ काढलं. सभासद सात: हिंगणघाटचे एक दातांचे डॉक्टर, सरांचा पुण्याचा भाचा, मस्कतला नोकरीला गेलेला एक माजी विद्यार्थी, नागपूरचे एक निवृत्त हेडक्लार्क, देवळीच्या एक बाई, स्वतः सर आणि मी. मला कोणी विचारलं नव्हतं. "तुमचं नाव टाकलं," असं मला कुंपणावरून कळवण्यात आलं.

नियम साधे होते, म्हणजे एकूण तेवीस होते. रोज नऊ पानं वाचायची. दहावं वाचायचं नाही. दर रविवारी पाच ते सहा संगणकावर लिहून चर्चा, आणि सोमवारी प्रत्येकाचं प्रगतिपत्रक. डॉक्टरांनी एकदा दोन दिवसांत अख्खी कादंबरी संपवली आणि भर चर्चेत शेवट सांगून टाकला. त्यांना 'आकलन: अ, शिस्त: क' मिळालं. पन्नाशीचा माणूस, हिंगणघाटात त्यांच्या खुर्चीवर भलेभले तोंड उघडून बसतात. त्यांना ते फार लागलं.

त्यात ते दिवस भारनियमनाचे. वीज जायची वेळ बदलली की सरांचं वेळापत्रक बदले, आणि बोरगावात लाइट नाही म्हणून मस्कतचा माणूस रविवारी कामावरून धावत घरी येई. शिवाय सगळं इंग्रजी अक्षरांतून लिहायचं. 'तिला वाट दिसत नव्हती' असं भाच्यानं लिहिलं, ते हेडक्लार्क साहेबांनी 'वात' वाचलं, आणि त्या कादंबरीत नसलेल्या समईवर आम्ही पाऊण तास साधकबाधक चर्चा केली. सरांनी दोघांनाही 'ब' दिला.

देवळीच्या बाईंना मात्र नेहमी 'अ'. त्या रविवारी एकच ओळ लिहायच्या, "वाचलं सर." बस. आम्ही चार-चार परिच्छेद झोडायचो आणि आम्हाला 'ब'. "वशिला दिसते," असं डॉक्टरांनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

दोन वर्षं असं चाललं. मग डॉक्टरांनी बंड केलं. नवा गट काढला. तिथं नियम नाहीत, वेळ नाही, हवं तेव्हा हवं ते वाचा. भाचा गेला, मस्कत गेलं, हेडक्लार्क गेले. मीही गेलो. सरांना सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच. नव्या गटात पहिल्या महिन्यात कोणीच काही वाचलं नाही, पण आम्ही अत्यंत मोकळेपणानं वाचलं नाही.

इकडे सरांचं वेळापत्रक येतच राहिलं. दर सोमवारी, सातही जणांना. शेवटी डॉक्टरांचा फोन आला, "तुम्ही शेजारी आहात. बंद कराले सांगा त्याईले. बिचारे कोणासाठी पाठवून राह्यले?"

मी सकाळी नऊला कॅफेत गेलो. मंगेशनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "रोज साडेसातले येते ते. मशीन पुसाच्या आधी हजर."

सर पाठमोरे बसले होते. डाव्या हाताला कादंबरी उघडी, तिच्या पानांवर आडवी लाकडी पट्टी. उजव्या हाताच्या एका बोटानं ते एकेक अक्षर शोधत होते. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. मी मागं उभा राहून पाहिलं. पडद्यावर कादंबरीचं पान होतं. जसंच्या तसं, इंग्रजी अक्षरांत.

"सर, हे काय?"

त्यांनी दचकून पडदा हातानं झाकला. एवढा मोठा पडदा, एवढासा हात.

"काही नाई. देवळीच्या बाईसाठी."

मग हळूहळू निघालं. बाई कापडाच्या दुकानदाराची सून. घरात कादंबरी दिसली की सासरे पुस्तक उलटंपालटं करत विचारत, याचं काय काम? दुकानात संगणक होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिथं बसलं, तर दुकानाचंच काम चाललंय असं सगळ्यांना वाटे. मंडळ निघाल्याबरोबर, नियम यायच्या आधीच, त्यांनी सरांना लिहिलं होतं, पुस्तक आणता येत नाही, नाव कमी करा.

"मंग? केलं नाई कमी," सर म्हणाले. "टाइप करून धाडतो. सकाळून अडीच तासांत नऊ पानं होते माह्याच्यानं. जास्त होत नाई. बोट दुखते."

दोन वर्षं आम्ही ज्या नऊ पानांच्या नावानं बोटं मोडत होतो, ती अशी ठरली होती.

"सांगायचं ना सर आम्हाला."

"काऊन सांगू? मंग तुम्ही तिची कीव केली असती. सभासद आहे ते." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही सगळे तिकडं गेले, माहीत आहे मले. भाच्यानं सांगतलं. तुम्ही काही बोलाले आलते का?"

"नाही," मी म्हणालो. "बसू का? मी वाचतो, तुम्ही टाइप करा. लवकर होईल."

त्या दिवशी अकरा पानं झाली. सरांनी दोन पानं दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली.

रविवारी पाचला आम्ही दोघं एकाच मशीनसमोर बसलो. कादंबरीतली बाई माहेरी जायला निघते आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरते, तो भाग होता. सरांनी आधीच आपलं मत पाठवलं होतं: ती घाबरली म्हणून परत गेली. आम्ही "वाचलं सर"ची वाट पाहत होतो. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, आणि चांगलं पाच-सहा ओळींचं आलं. सरांनी चष्मा वर-खाली केला, मग म्हणाले, "तुम्ही वाचा."

मी वाचलं. "सर, तुमचं चुकलं वाटते मले. ते भेली नाई. भेली असती तं घरातून निघालीच नसती. गाडीतून उतरल्यावर तिले घ्याले कोणी येनार नव्हतं. तिनं पत्र टाकलं होतं, उत्तर नाई आलं. भेव वेगळं राहते सर, हे वेगळं आहे. रागावू नका."

सर खुर्चीत मागं टेकले.

"बत्तीस वर्षं शिकोलं, राऊत. वर्गातली एक पोरगी मले 'सर, तुमचं चुकलं' म्हणाली नाई."

"हिंमत होती का कोणाची?"

"तेच तं म्हणून राह्यलो."

त्यांनी पडद्यावर बोट फिरवत त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग पुढं सरकून एका बोटानं लिहिलं, "बरोबर आहे तुमचं. माझं चुकलं." पाठवलं. पुन्हा एकेक अक्षर शोधत लिहिलं, "अजून सांगा."

देवळीहून उत्तर यायला वेळ लागत होता. "दुकानात गिऱ्हाईक आलं असन," सर म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले.