तळ दाखवा

आमच्याकडे कुणी पाहुणा आला की मोघे पहिल्यांदा त्याची चप्पल उलटी करून बघतात. नमस्कार त्यानंतर.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस पुण्यातली आयटीची नोकरी सोडून इथे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थच्या युनिव्हर्सिटीत वन्यजीव संवर्धन शिकायला आला आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. पशुपक्ष्यांवर माया करायला शिकवत असतील, अशी माझी भाबडी समजूत. तिथे शिकवतात संशय घ्यायला. बुटाच्या मातीतून आलेली एखादी बी, एखादी बुरशी इथलं अख्खं रान खाऊन टाकते म्हणे.

"माणूस स्वच्छच आहे म्हणणार, वहिनी. आपण तळ बघायचा."

मला संशय मोघ्यांचाच. हातात ब्रश आणि फवारणीची बाटली घेऊन हा गृहस्थ सारखा दाराशी का घुटमळतो? सत्यनारायणाला मंडळी तीर्थप्रसाद घेऊन बाहेर आली, तर सगळ्यांच्या रबरी जँडल्स, सँडल, कोल्हापुरी हिरवळीवर उलट्या, ओल्यागच्च. लेलेकाकू म्हणाल्या, "अगंबाई, उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण." झालंच ते. आमच्या ह्यांचं आणि माझं, मोघ्यांना ठेवायचं की काढायचं यावरून.

तेवढ्यात मोघ्यांच्या आईचं यायचं ठरलं. वडील गेल्यापासून त्या देवरुखला एकट्याच. इथे रमली तर ठेवून घेईन, म्हणत होते. आणि त्या दिवसापासून ह्या माणसाने आईवरच पाळत ठेवली. रोज व्हिडिओ कॉल.

"आई, पिशवी झटक. मेतकूट आहे ते विमानतळावर सांगून टाकायचं. जुन्या वहाणा अजिबात नकोत. बिया कुठे ठेवल्यास?"

"अरे, आई आहे मी तुझी. चोर नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मला भयंकर राग यायचा. एकदा कपबश्या विसळताना मात्र मोघे पुटपुटले, "तिला विमानतळावर अडवलं तर काय करेल हो ती? इंग्रजी येत नाही."

वेलिंग्टनच्या विमानतळावर जायला मीच गाडी काढली. मोघ्यांच्या खिशात ब्रश होताच. मोघेआजी बाहेर आल्या त्या लंगडत. पायात पोराच्या हुकमाप्रमाणे नवेकोरे कॅनव्हासचे बूट, आणि ते चावलेले. मोघ्यांनी त्यांना बाकावर बसवलं, बूट काढले आणि सवयीने पाऊल उचलून तळवा बघितला.

टाचेच्या भेगांमध्ये लाल माती बसली होती. उभा जन्म परसात राबलेल्या बाईची टाच ती.

"धुतलं रे," आजी ओशाळून म्हणाल्या. "दगडाने घासलं. जात नाही मेली."

मोघ्यांचा हात खिशाकडे गेला. आता हा इथे ब्रश काढतो की काय, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी रुमाल काढला, चावलेल्या जागेवर बांधला आणि ते पाऊल मांडीवर घेऊन तसेच खाली बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते.

"असू दे," म्हणाले. "तुला अडवलं असतं ना, तर मीही तुझ्याबरोबर आलो असतो परत."