गंगूबाईची हजेरी

खोब्रागडे सरांच्या वर्गात ‘हजर सर’ म्हटलं की गैरहजेरी लागायची.

नाव पुकारलं की आठवडाभरात आपण कोणाला काय शिकवलं ते सांगायचं, तीच हजेरी. ‘आईले सही शिकवली, सर.’ ‘पानठेल्यावाल्याले बाराखडी, सर.’ गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात दर सोमवारी भूगोलाच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं यात जायची. जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. कचेऱ्यांना अजून धड पाट्या नव्हत्या, आणि असत्या तरी वाचल्या कोणी असत्या, असं सर म्हणत. कोणी ‘कोणालेच नाई, सर’ म्हणालं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, ‘मंग आठवडाभर जेवला काऊन?’

एसटीत शेजारी बसलेल्याला नाव-गाव विचारायच्या आधी ते ‘वाचता येते का?’ विचारत. येतं म्हणाला, तर ‘कोणाले शिकवलं?’ नाही म्हणाला, तर खिशातून खडू निघायचा आणि पुढच्या सीटची पाठ हाच फळा. धानोऱ्याच्या गाडीचा कंडक्टर त्यांना पाहिल्याबरोबर फडकं पुढे करायचा. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला बाजूला घेऊन ‘नवरीले सही येते का?’ विचारलं होतं. तिला येत होती. नवरदेवाला येत नव्हती. मंगलाष्टकं दहा मिनिटं थांबली.

आम्ही बी.ए.ची पोरं. डोक्यात तलाठी, वनरक्षक, बँक. सर म्हणत, ‘लोकायची सेवा कराले आधी नेमणूकच लागते का रे? शिकवाले लागा. त्याले ना अर्ज लागत, ना वशिला.’ आम्ही मान डोलवायचो आणि मधल्या सुट्टीत भरतीची जाहिरात वाचायचो.

आता माझं सांगतो. ऑगस्टमधल्या एका सोमवारी माझ्याकडे सांगायला कोणी नव्हतं. तोंडातून निघून गेलं, ‘गंगूबाईले, सर. आमच्या गल्लीतली म्हातारी. ग गिरवून घेतला.’

अशी गंगूबाई जगात कुठेच नव्हती. वाटलं, एका सोमवारचा प्रश्न आहे. पण पुढच्या सोमवारी सरांनीच उत्साहानं तिची चौकशी केली. मग काय, ती शिकतच गेली. दसऱ्यापर्यंत जोडाक्षरांना आली. डोळे अधू झाले तरी हटली नाही. दुसऱ्यांची माणसं अ-आ-ईपाशी अडखळत होती आणि माझी गंगूबाई वर्गात पहिली होती.

डिसेंबरात प्राचार्यांनी सरांना सुनावलं. हा सोमवारचा तमाशा पुरे. सव्वीस जानेवारीला शिक्षणाधिकारी येतील, त्यांच्यासमोर शिकलेलं एक तरी माणूस उभं करा, नाहीतर मुकाट्यानं भूगोल शिकवा. सर वर्गात आले ते हात चोळत. ‘फिकर नाई. आपली गंगूबाई हाय.’

दोन दिवस मला घास उतरेना. आम्हा पोरांची मेस चालवणाऱ्या शेवंताबाईंनी ते ओळखलं. त्या धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. म्हणाल्या, ‘काऊन रे बाबू, लाखोळीची डाळ आता गोड लागून नाई राह्यली का?’ मी सगळं ओकून टाकलं आणि हात जोडले. ‘बाई, एका दिवसापुरती गंगूबाई व्हा. दोनच अक्षरं शिकवतो.’

‘एवढा शिकला, अन् खोटं बोलाले बाई लागते तुले,’ त्या म्हणाल्या. पण बसल्या.

पाटीबिटी नव्हती. डाळ निवडता निवडता शाळा. सुपात मी बोटानं अक्षर दाखवायचो, त्या त्यावर लाखोळीचे दाणे मांडायच्या. आठवड्यात ‘गंगू’ बसलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सूप झटकलं.

‘हे गंगू कोण होय, मले मालूम नाई. मले माह्यं नाव लिवाचं हाय.’

‘पण बाई, सर...’

‘तुहा सर तू पाह्य.’

मी मुकाट्यानं ‘शेवंता’ शिकवलं. ऐन वेळी त्यांना माझी दया येईल, अशी आशा होती.

झेंडावंदन झालं. मैदानात फळा मांडला होता. सरांनी पुकारलं, ‘गंगूबाई!’ शेवंताबाई पदर खोचून उठल्या. खडू उचलला आणि रेघ ओढायच्या ऐवजी टक्, टक्, टक्, एकेक टिंब देत सुटल्या. अक्षर म्हणजे दाण्यांची रांग, एवढंच त्यांना ठाऊक. खडूनं सलग ओढायचं असतं, हे सांगायचं मी विसरलो होतो. पुढच्या रांगेत हशा पिकला. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. टक्, टक्. टिंबाटिंबाचा ‘शे’ उभा राहिला. हशा थांबला. ‘वं’वरचा अनुस्वार बाईंनी असा हाणला की खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं ‘ता’. मग डोक्यावरची रेघ, तीही टिंबांची. त्या वळल्या आणि माइकशिवाय साऱ्या मैदानाला ऐकवलं, ‘शेवंता. हे मी होय.’

मैदान उसळलं. पुकारलेलं नाव कोणाला आठवलंही नाही. मेसची पोरं बाकांवर चढली. शिक्षणाधिकारी उठून फळ्यापाशी आले. ‘अजून काय लिहिता येतं, बाई?’

‘तुमी आधी हे तं वाचा, साहेब.’

त्यांनी टिंबांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. प्राचार्यांचे हात सगळ्यांत जोरात वाजत होते. जूनपासून ती हजेरी कॉलेजच्या सगळ्या वर्गांना लागली. मला प्रमाणपत्र मिळालं, आणि मी ते घेतलं. पुढे मास्तर झालो. तीस वर्षं सरांवर भाषणं केली, टाळ्या घेतल्या. दर वेळी गंगूबाईला गाळत आलो. आज लिहितोय, कारण शेवंताबाईंनी एका महिन्यात जे धाडस केलं, त्याला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

तसं एका माणसाला तेव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी मैदान रिकामं झाल्यावर मी सरांना गाठलं. ‘सर, ती गंगूबाई...’

‘नव्हतीच ना? मालूम हाय. तिचे डोळे अधू म्हणला, तं दिवाळीत दवाखान्यात न्याले म्हणून आलो होतो. सारी गल्ली फिरलो. तरी आज तिलेच पुढं केलं, म्हणलं आता तरी तू खरंच कोणाले शिकवशील.’

‘मंग बोलले काऊन नाई, सर?’

सरांनी हातावरची खडूची भुकटी झटकली. ‘घरी बोलाले कोणी नाई रे बाप्पा. सोमवारी तिची खबर भेटे. दोन-तीन दिवस बरे जात.’

मग म्हणाले, ‘चहाले येतो का घरी?’

आमच्यातलं कोणीच तोवर त्यांच्या घरी गेलेलं नव्हतं. मी गेलो. कप एकच होता. तो धुऊन, पुसून, उजेडात धरून पुन्हा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला, आणि स्वतः वाटीतून चहा प्यायले.