शुक्रवारची झोप आणि मतपत्रिका

उपेंद्र आठवडाभर शारजा-दुबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये पिळून निघायचा. तेव्हा तिकडे सुट्टी शुक्रवारी असायची आणि त्या दिवशी अकरापर्यंत लोळणं ही त्याची एकमेव चैन. पण मराठी मंडळ भरायचं नेमकं शुक्रवारी सकाळी, अल मजाजला अध्यक्ष राजाभाऊंच्या घरी. हा पडला चिटणीस, म्हणजे दांडी मारायचीही सोय नाही.

शेवटी त्यानं ठराव मांडला, की मंडळ गुरुवारी संध्याकाळी भरवावं. मतदान ठरलं आणि मतपत्रिकेवरचा प्रश्न लिहायचं काम त्याच्याकडेच आलं. पठ्ठ्यानं लिहिलं, "सुट्टीच्या दिवशी सर्वांची झोपमोड करणारी जुनी पद्धत बंद करावी का?"

अनुपमाताई ठाण्याला वकिली करून आलेल्या. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरला.

"उपेंद्र, हा प्रश्न आहे की प्रचार?"

त्यांनी रीतसर लेखी हरकत घेतली. राजाभाऊंनी शब्दरचना समिती नेमली आणि निमंत्रक केलं उपेंद्रला. बैठक कधी? तर सगळे मोकळे असतात तेव्हाच, शुक्रवारी सकाळी नऊला.

पहिल्या बैठकीत राजाभाऊंनी "आपली लाडकी परंपरा मोडावी का?" असं सुचवलं. त्यावर उपेंद्रनं हरकत घेतली. पुढच्या शुक्रवारी 'सोयीची' या शब्दावरून खडाजंगी झाली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी 'संध्याकाळ' कधी सुरू होते यावरून. डोळे चोळत घरी आलेल्या बापाची दियाला दया आली.

"बाबा, जस्ट आस्क देम. थर्सडे ऑर फ्रायडे?"

उपेंद्रला हायसं वाटलं. पण अनुपमाताई म्हणाल्या, ज्याचं नाव वर त्याला फायदा. मग त्यानं निम्म्या मतपत्रिकांवर गुरुवार वर छापला, निम्म्यांवर शुक्रवार. ताईंनी हरकत रीतसर लेखी मागे घेतली.

मतदान झालं. गुरुवार दणदणीत मताधिक्यानं जिंकला. उपेंद्रला भर सभेत गहिवरून आलं.

तेवढ्यात राजाभाऊ उभे राहिले. इतकी निःपक्षपाती मतपत्रिका त्यांनी जन्मात पाहिली नव्हती म्हणे. यापुढे सहल, नाटक, गणपतीचा प्रसाद, सगळंच मतदानानं ठरेल, प्रश्न हीच समिती लिहील आणि निमंत्रक कायम उपेंद्रच राहील, असा ठराव त्यांनी मांडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बैठका मात्र शुक्रवारीच ठेवू हं," अनुपमाताई म्हणाल्या. "गुरुवारी आता मंडळ असतं."

उपेंद्रनं हरकत घ्यायला घाईघाईनं हात वर केला. राजाभाऊंनी तो अनुमोदनात मोजला.