एकास चोवीसचा आरसा

"शांतता सापडत नसते, ती जोडावी लागते! आणि मी ती येत्या नव्वद दिवसांत, एकशे सतरा भागांतून, एकही दोष न ठेवता जोडून दाखवणार आहे!"

अनंतराव अंबडकरांनी ही घोषणा सिडकोतल्या बागेत, सकाळी फिरायला येणाऱ्या समस्त निवृत्तांसमोर केली, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटलेली होती. आदल्या संध्याकाळी गोंदाची नळी उघडताना झालेला हा त्यांचा पहिला जोड. मंडळींना वाटले, ज्ञानमुद्रा आहे. दोघातिघांनी भक्तिभावाने माना हलवल्या आणि एकाने विचारूनही घेतले, "ही मुद्रा रिकाम्यापोटी करायची का?"

"रिकाम्यापोटीच," अनंतराव म्हणाले.

चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. सवय होती ती दुसऱ्यांच्या चुका काढायची. वाळूजच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षे गुणवत्ता तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंकडे बघून नाक मुरडायचे, आणि त्याबद्दल पगार घ्यायचा! स्वतः त्यांनी जन्मात काही बनवले नव्हते, चहासुद्धा नाही. निवृत्तीनंतर नाक मुरडायला घरात एकट्या सरोजिनीबाई उरल्या, आणि त्या उलट मुरडू लागल्या. अनंतरावांचा रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, "एखादा शांत छंद लावून घ्या." पुण्याच्या मुलाने दोन दिवसांत कुरियरने खोका पाठवला. आपण मुलाला रोज तासभर फोन करतो याचा या तत्परतेशी काही संबंध असेल, हे काही अनंतरावांच्या मनात आले नाही.

खोक्यात लाल रंगाची, दोन माणसांची परदेशी मोटार होती. खऱ्या गाडीच्या एकास चोवीस मापाची आणि सगळी सुटी सुटी.

"खरी असती तरी तुमचा एक पाय मावला नसता त्यात," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"छंदाला पाय लागत नाहीत. एकाग्रता लागते."

एकाग्रता लागते म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद झाला. वाऱ्याने भाग उडतात! रंगाला धूळ बसते म्हणून खिडक्या बंद झाल्या. आवाजाने हात हलतो म्हणून कुकरला दोनच शिट्ट्यांची परवानगी मिळाली, आणि कच्चे वरण मांडीवर ताट घेऊन खायची पाळी आली, कारण जेवणाच्या टेबलावर मोटार होती. बाहेर बेचाळीस अंश आणि आत त्याहून जास्त! त्या भट्टीत अनंतराव मात्र अगदी शांत होते. घामाघूम होऊन, दातओठ खात, "कोण शिंकलं? कोण शिंकलं?" असे ओरडत शांत!

अकराव्या दिवशी डाव्या बाजूचा आरसा हरवला.

ज्वारीच्या दाण्याएवढा आरसा. अनंतरावांनी तो चिमट्यात धरला, गोंद लावला, डोळ्यांत घाम उतरला म्हणून चष्मा वर करून डोळे पुसले, आणि बघतात तो चिमटा रिकामा! ते टेबलाखाली रांगले. सोफा उलटा केला. सरोजिनीबाईंना उठवून त्यांची खुर्ची उलटी केली. आरसा नाही. आणि एवढ्यात त्यांच्या लक्षात आले, की आपण शोधत असतानाच सारजाबाई केर काढून गेल्या. त्या आता मोरीत भांडी घासत होत्या.

सारजाबाई मूळच्या पाचोडकडच्या. बारा वर्षांपासून अंबडकरांकडे भांडी आणि केर-फरशी. सरोजिनीबाईंचे गुडघे अनंतरावांच्या आधीच निवृत्त झालेले असल्यामुळे हे घर चालत होते ते सारजाबाईंच्या पायांवर. अनंतरावांनी त्यांना टेबलासमोर बोलावले आणि कोरा कागद पुढे ओढला.

कारखान्यात दोष निघाला की पाच वेळा 'का' विचारायची रीत होती. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागते, असे जपानी लोक सांगतात. जपानी लोकांची सारजाबाईंशी गाठ पडलेली नव्हती.

"सारजाबाई, आरसा का हरवला?"

"तुमी म्हनता, म्या झाडला म्हून."

अनंतरावांनी लिहून घेतले. "का झाडला?"

"कचरा व्हता म्हून."

"कचरा का होता?"

"तुमी कानशीनं घासू घासू पाडला म्हून."

"मी का घासत होतो?"

"रिकामे हायेत म्हून!"

"आता पाचवा. नीट विचार करून सांगा. मी रिकामा का आहे?"

"कंपनीनं काढलं म्हून!"

"काढलं नाही! निवृत्त केलं!"

स्वयंपाकघरातून कुकरच्या तिसऱ्या शिट्टीसारखा आवाज आला. ते सरोजिनीबाईंचे हसू होते. अनंतरावांनी कागद फाडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मूळ कारण नापास केले.

मग त्यांनी दुसरी पद्धत काढली. हिच्यात माशाचा सांगाडा काढायचा आणि प्रत्येक काट्यावर एकेक संशय लिहायचा. मासा काढून त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला.

"अहो, आपल्या फ्रिजवर मासा?" सरोजिनीबाई किंचाळल्या. "आत नैवेद्याचं दूध आहे!"

"शास्त्रीय मासा आहे तो. बघ, यंत्र म्हणजे झाडू. पद्धत म्हणजे कोपऱ्यातून मध्ये झाडणं. आणि मनुष्य..."

"मनुष्याच्या काट्यावर मपलं नाव काहून?" सारजाबाईंनी विचारले.

"चौकशीचा भाग आहे. जरा पिशवी झाडून दाखवता का?"

घरात शांतता पसरली. खोका आल्यापासूनची पहिली! सारजाबाईंनी पदर खोचला आणि पिशवी टेबलावर, मोटारीच्या टपावरच उलटी केली. अर्धी भाकर, मोबाइल, मिश्रीची डबी आणि खारीक-खोबऱ्याची पुडी.

"बघा! बारा वर्सं वैनीच्या सोन्याच्या बांगड्या मोरीवर सापडल्या की म्या हातात नेऊन दिल्या. अन् आज ज्वारीच्या दान्यासाठी पिशवी झाडाय लावता व्हय?"

"मी चोर म्हटलंच नाही. केराची प्रक्रिया तुमच्या ताब्यात असल्यामुळे..."

"आता तुमच्या ताब्यात घ्या!" झाडू त्यांच्या हातात देऊन सारजाबाई निघून गेल्या.

आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचा वार होता!

ज्यांच्या नळाला रोज पाणी येते, त्यांना यातले गांभीर्य कळणार नाही. आमच्याकडे आठवड्याने पाणी येते, तेव्हा टाकी, पिंपे, हंडे भरायचे आणि आठवड्याचे धुणे उरकायचे असते. सरोजिनीबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मोरीकडे बोट दाखवले.

अनंतराव भांडी घासायला बसले. पहिली कढई घासायला त्यांना वीस मिनिटे लागली.

"कडेला तेल आहे. परत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"किंचित आहे गं."

"परत!"

दुपारी नवी बाई म्हणून चतुराबाई दारापर्यंत आल्या. उंबऱ्याच्या आत मात्र पाऊल टाकेनात. "तुमच्यात पेपर घेतात म्हनं? म्या चौथी नापास हाये, वैनी," असे म्हणून त्या आल्या पावली गेल्या. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या चार गल्ल्यांत एकही बाई अंबडकरांचे नाव काढू देईना. अनंतरावांचे डोके गरगरू लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, काटा वर वर गेला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर! छंद लावला नाहीत वाटतं अजून?"

घरी सरोजिनीबाईंची बॅग भरलेली होती. "उद्या सारजा आली नाही, तर परवाच्या गाडीने मी पुण्याला. तुम्ही, तुमची मोटार आणि तुमचा मासा, तिघं राहा सुखानं."

हे ऐकून मात्र अनंतराव हादरले. पोळ्या कुठल्या डब्यात असतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हते. सकाळी उठून ते मुकुंदवाडीला सारजाबाईंच्या घरी गेले. सारजाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांनी बसा म्हटले नाही. अनंतरावांनी उन्हात उभ्यानेच खिशातून कागद काढला. माफीसुद्धा त्यांनी मुद्देसूद लिहून आणली होती.

"मुद्दा पहिला. चौकशीच्या ओघात आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास..."

"साहेब, कानापाशी काय चमकतंय तुमच्या?"

"मध्ये बोलू नका. मुद्दा दुसरा..."

"आवो, चष्म्याच्या दांडीला!"

अनंतरावांनी चष्मा काढून बघितला. चष्म्यावाचून त्यांना चष्मा दिसत नव्हता. घालून बघितला, तर दांडी कानामागे गेली! असे त्यांनी तीन वेळा केले. मग सारजाबाईंनी उठून नखाने टचकन काहीतरी उचकटले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

डाव्या बाजूचा आरसा!

दोन दिवस तो अनंतरावांच्या कानाला लागून हिंडत होता. बागेत, दवाखान्यात, मोरीत. सरोजिनीबाईंना तो दिसला नाही यात नवल नव्हते. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कानाकडे बघावे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

सारजाबाई आधी हसल्या नाहीत. मग अशा हसत सुटल्या, की शेजारच्या आवडाबाई सूप टाकून पळत आल्या! अनंतराव माफीचा कागद घडी घालून, परत उघडून, परत घडी घालत उभे होते.

"तुमच्यासाठी नाय," अखेर डोळे पुसत सारजाबाई म्हणाल्या, "वैनीच्या गुडघ्यांसाठी येते. चला म्होरं."

त्यांनी डाळीचे सूप आत ठेवले, दाराला कडी घातली, चपला पायात सरकवल्या. अनंतराव चार पावले चालले आणि थांबले. मागे वळून आवडाबाई आत गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"सारजाबाई, एक छोटी विनंती होती. घरी गेल्यावर... आरसा केरात सापडला, असं म्हणाल का?"