पयले मी पाहतो

आमच्या शेजारचे देवरामजी निंबार्ते एका सकाळी डावा हात दुपट्ट्यानं पोटाशी बांधून चहाला आले. हात मोडला की काय म्हणून मी घाबरलो. तर म्हणाले, हाताला काही झालं नाही. "कौसल्याचा डावा हात गेला ना गुरुजी, तं एका हातानं माणसाले कसं होते, ते पाहून राहिलो." मग एका हातानं बशीत चहा ओतायला गेले आणि अर्धा माझ्या पेपरवर सांडला. दिवसभर ते तसेच वावरले. सदऱ्याची एक गुंडी लागेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की बायकोच्या पोलक्यांचे हूक काढून तिथं नाड्या शिवायच्या. शिवताना मात्र दुपट्टा सोडावा लागला.

देवरामजींचं उभं आयुष्य राईस मिलमध्ये गेलं. गाडी आली की पोत्यातले चार दाणे दाताखाली फोडून धान सुकलं की नाही हे सांगायचं, हे त्यांचं काम. 'पयले मी पाहतो' हे वाक्य तिथलं. दोन वर्षांपूर्वी कौसल्याबाईंना लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं, आणि देवरामजींनी ते वाक्य घरी आणलं.

विजेच्या पंपावर फुगणारी हवेची गादी आली, तेव्हा पहिल्या दुपारी तिच्यावर तेच झोपले. उठून बायकोला सांगितलं, पाठीखाली बेडूक चालल्यावानी वाटते, भेऊ नको. चाकाची खुर्ची आली, तर तिच्यात बसून मला ग्रामपंचायतीपर्यंत ढकलत न्यायला लावलं. वाटेत लोक थांबून काळजीनं तब्येत विचारत होते आणि हे गंभीरपणे "धक्के लागतेत" म्हणत होते. डायपरचा अनुभवही त्यांनी मला सविस्तर सांगितला. तो इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवसापासून दर तीन तासांनी डायपर बदलायचा नियम झाला आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

गाव हसायचं. मीही हसायचो, पण त्या हसण्यात जीव नसायचा. त्यांचे गाल बसत चालले होते. आमच्याकडे आले तरी कान घराकडे. बोलता बोलता मध्येच थांबत आणि विचारत, "आवाज आला का?" आवाज आलेला नसे. पण हळूहळू मलाही तशी सवय लागली. लाईट गेली की मला आधी शेजारची गादी आठवायची. कौसल्याबाईंना ठसका लागला की माझ्या हातातला घास थांबायचा. एकदा माझी बायको सुमन म्हणाली, "देवरामजींनाच काही झालं तर तिचं कोण करेल?" मी तिच्यावर चिडलो, कारण तोच विचार आठवडाभर माझ्याही डोक्यात फिरत होता.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी कौसल्याबाईंची रक्तदाबाची गोळी बदलली. दुसऱ्याच दिवशी सकाळी सुमन अंगणात कुरड्या वाळत घालत होती, तेव्हा शेजारून ठणठण ऐकू येऊ लागलं. भांडं पडलं असेल, असं वाटलं. पण ते थांबेना. आम्ही धावलो. देवरामजी खोलीत जमिनीवर आडवे, घामानं चिंब. आणि पलंगावरून कौसल्याबाई उजव्या हातातला स्टीलचा गिलास लोखंडी दांडीवर आपटत होत्या. गिलासाला पोचे पडले होते. आम्ही आत आलो, देवरामजींना उठवून बसवलं, तरी कौसल्याबाईंचा हात थांबेना. शेवटी सुमननं तो धरला.

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? देवरामजींनी मान खाली घालून सांगितलं, की बायकोची नवी गोळी घेऊन पाहिली. एकीनं काही झालं नाही, म्हणून दुसरी. डॉक्टर असे काही बोलले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. दोन दिवस त्यांना तिथंच ठेवून घेतलं.

ते दोन दिवस कौसल्याबाईंचं सगळं आम्ही दोघांनी केलं. कूस बदलणं, अंग पुसणं, चमच्या-चमच्यानं पेज. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली आणि सुमन आमच्या स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना रडून आली.

मुलगा पुण्याहून आला. बापावर ओरडला, मग बापाचेच पाय चेपत बसला. जाताना त्यानं तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या शेवंताला रोज दुपारी दोन तास आईजवळ बसायला ठरवून दिलं. देवरामजी कसेबसे तयार झाले.

पहिल्या दिवशी ते सरळ आमच्याकडे आले. सुमननं ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "मागच्या महिन्यात मी तिच्यावर हात उगारला."



त्या दिवशी डायपर गळून तिसऱ्यांदा चादर ओली झाली होती, ते सांगू लागले. त्यांच्या अंगात ताप होता. मारलं नाही, पण हात वर गेला. आणि तिनं पाहिलं.

"तवापासून मी चादर बदलाले गेलो का ती डोळे मिटून घेते. भेते मले. पंचेचाळीस वर्षांत कधी भ्याली नाही जी."

मास्तरकीत मी पुष्कळांची समजूत घातली होती. त्या दुपारी मी नुसता पाण्याचा गिलास त्यांच्याकडे सरकवला. सुमननं ताट उचललं नाही, तसंच राहू दिलं. अर्ध्या तासात ते उठले आणि मी त्यांच्यासोबत गेलो.

शेवंता ओट्यावरच भेटली. म्हणाली, "बाई काही खाऊन नाही राहिली. केळं सोलून देलं, तं हातात धरून दाराकडंच पाहून राहिली."

देवरामजी खोलीच्या दारात थबकले. कौसल्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ओठ जुळवत म्हणाल्या, "जे... जेवले?"

"हो."

त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कौसल्याबाईंनी केळं धरलेला हात पुढं केला. ते जवळ आले तरी तो मागं गेला नाही. देवरामजी पलंगाच्या कडेला टेकले आणि त्या हातातूनच खाऊ लागले. शेवटचा घास उतरेपर्यंत त्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

शेवंता आत जायला निघाली. मी तिला ओट्यावरच थांबवलं.